गळ्यात औषधी पट्टा, तरी अंगावर गोचीड: एका घरातल्या चार तक्रारींचा प्रकरण अभ्यास

औषधी पट्टा बांधून दहा दिवस झाले होते आणि घरच्यांच्या तक्रारी चार होत्या. कुत्रीच्या अंगावर अजून गोचीड सापडत होते. मानेभोवतीची कातडी लाल होऊन केस गेले होते. कुत्री तापाने फणफणली होती, खात-पीत नव्हती. आणि घरातल्या मांजरीला मधेच थरथर सुटली होती. चारही गोष्टी पट्टा बांधल्यानंतरच्या, त्यामुळे घरच्यांच्या लेखी आरोपी एकच. पट्टा काढून ठेवला गेला आणि दवाखान्यात प्रश्न आला तो असा: पट्टा नकली होता की विषारी?

दोन्हीही नव्हतं. चार तक्रारींची कारणं चार निघाली आणि त्यातलं एकच थेट पट्ट्याचं होतं. हे ठरवायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तारखांच्या यादीचा; रक्ताच्या अहवालांचा अर्थही त्या यादीशेजारी ठेवूनच लागला.

आधी एक खुलासा. इथली कुत्री आणि तिचं घर म्हणजे कुणा एकाच्या घरची हकिगत नाही. पट्ट्याबाबत नेहमी होणारे घोटाळे एका घरात आणून मांडले आहेत आणि त्या घरचे आकडे नमुन्यादाखल आहेत. औषधांची प्रमाणं, मुदती आणि रोगांचं वेळापत्रक मात्र प्रत्यक्षात आहे तेच दिलं आहे.

घरात कोण कोण

कुत्री ३ वर्षांची, २४ किलो, संमिश्र जातीची. वर लांब केस आणि खाली दाट लोकर. दुसरा कुत्रा १० वर्षांचा, ११ किलोचा, अंगणापलीकडे न जाणारा. 'तो कुठे बाहेर जातो' म्हणून त्याला पट्टा नाही. एक मांजर, जी कुत्रीच्या अंथरुणावरच झोपते. आणि दोन वर्षांचं मूल.

पट्टा इमिडाक्लोप्रिड १० टक्के आणि फ्लुमेथ्रिन ४.५ टक्के या जोडीचा, ८ किलोवरच्या कुत्र्यांसाठीचा, ७० सेंटिमीटर लांब, ४५ ग्रॅम वजनाचा. अशा एका पट्ट्यात ४.५ ग्रॅम इमिडाक्लोप्रिड आणि २.०३ ग्रॅम फ्लुमेथ्रिन असतं. वजनाच्या मानाने निवड बरोबर होती. डब्याचं सील, आतलं पाकीट, त्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत, सगळं जागेवर होतं. नकली पट्टे बाजारात असतात, त्यामुळे ही तपासणी आधी करायची. इथे ती पाच मिनिटांत झाली आणि 'नकली' हा मुद्दा मागे पडला.

या जोडीत गोचिडांचं काम फ्लुमेथ्रिन करतं. ते पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातलं असून गोचिडाच्या मज्जातंतूंवर मारा करतं. नुसत्या स्पर्शानेही गोचिडाचे पाय पोळल्यासारखे होतात आणि बरेच गोचीड चावण्याआधीच गळून पडतात. इमिडाक्लोप्रिड मुख्यतः पिसवांसाठी आहे, गोचिडांवर त्याचा भरवसा ठेवू नये. पट्ट्यातून औषध थोडं थोडं झिरपतं, कातडीवरच्या तेलकट थरात मिसळतं आणि मानेपासून शेपटीपर्यंत पसरत जातं. म्हणजे पट्टा कातडीला टेकला नाही तर औषध उतरायला वाटच राहत नाही.

तारखा

दिवस ०: संध्याकाळी शाम्पूने आंघोळ. केस पुरते वाळायच्या आत पट्टा बांधला. अंगावर आधीपासून असलेले गोचीड काढले नाहीत, 'आता पट्टाच मारेल' म्हणून.

दिवस ३: गोचीड दिसतातच. कुत्री मान खाजवते.

दिवस ४: पट्टा काचत असेल म्हणून सैल केला. आता आत चार बोटं जातात. शिवाय तो फिरवायच्या चामडी पट्ट्याच्या वर, केसांवर तरंगतो आहे.

दिवस ६: पर्मेथ्रिन असलेले, कुत्र्यांच्या मानेवर टाकायचे थेंब घातले. पट्टा अंगावर असतानाच.

दिवस ७: मांजर कान झटकते, पाठीची कातडी फडफडवते, रात्री थरथरते.

दिवस ८: घाबरून कुत्रीला पुन्हा शाम्पूची आंघोळ.

दिवस ९: कुत्रीला ४०.३ अंश सेल्सिअस ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश.

दिवस १०: पट्टा काढला. दवाखाना.

अशी यादी घरच्यांकडून एका दमात येत नाही. पहिल्यांदा सांगितलं जातं ते 'पट्टा बांधला आणि हे सगळं सुरू झालं' एवढंच. थेंबांचा उल्लेख तर बहुतेक वेळा होतच नाही, कारण ते औषध आहे असं कुणाला वाटत नाही. पट्ट्यासोबत अजून काय लावलं, फवारलं, खाऊ घातलं, हे नाव घेऊन विचारावं लागतं: थेंब, पावडर, साबण, गोळी, घरात केलेली फवारणी.

पहिली तक्रार: अंगावरचे गोचीड

दहाव्या दिवशी कुत्रीच्या अंगावरून १७ गोचीड काढले. ते लगेच स्पिरिटमध्ये न टाकता पांढऱ्या कागदावर मांडून पाहिले, कारण जिवंत की मेलेला हे स्पिरिटमध्ये गेल्यावर कळत नाही. इथे घाई करून पुरावाच बुडवला जातो. 'गोचीड सापडला' एवढ्यावरून पट्ट्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तो कोणत्या अवस्थेत सापडला हे बघायचं असतं.

८ सुकलेले, चुरमडलेले, पाय आक्रसलेले, पण कातडीला चिकटून. हे पट्ट्याच्या खात्यावर जमा. मेलेला गोचीड लगेच पडतोच असं नाही. तोंडाचा भाग कातडीत रुतलेला असल्यामुळे तो काही दिवस तसाच लटकू शकतो.

६ चपटे, जिवंत, केसांतून फिरणारे. हे नुकतेच चढलेले. यांच्यावर पट्ट्याचा परिणाम व्हायचा होता. घरात आणि अंगणात गोचिडांचा भार किती आहे हे यांच्या संख्येवरून कळतं, पट्टा चालतो की नाही हे कळत नाही.

३ फुगलेल्या, राखाडी, जिवंत माद्या. दोन मागच्या पंजांच्या बोटांमध्ये, एक शेपटीच्या मुळाशी. खरा प्रश्न यांचाच.

हे गोचीड कुत्र्यांवरच्या तपकिरी जातीचे. तपकिरी गोचिडाची मादी पोटभर रक्त प्यायला साधारण ७ ते २१ दिवस घेते. दहाव्या दिवशी टम्म फुगलेली मादी चिकटली असणार ती तिसऱ्या दिवसाच्या आसपास किंवा त्याआधी. या जातीच्या पट्ट्याचं संरक्षण नव्या गोचिडांविरुद्ध सुरू व्हायला सुमारे ४८ तास लागतात, आणि बांधण्याआधी चिकटलेले गोचीड त्या मुदतीत मरतीलच असं नाही. म्हणून पट्टा बांधण्याआधी अंगावरचे गोचीड हाताने काढायला सांगितलेलं असतं. इथे ते झालंच नव्हतं.

त्यात चौथ्या दिवसापासून पट्टा कातडीला टेकत नव्हता. मानेपासून सगळ्यात लांब असलेल्या पंजांपर्यंत औषध तसंही उशिरा पोहोचतं. झिरपणंच कमी झाल्यावर तिथे काय उरणार. आठव्या दिवसाच्या शाम्पूने कातडीवरचा तेलकट थर, म्हणजे औषधाचा रस्ताच, धुऊन काढला. हे पट्टे पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि महिन्यातून एखादी आंघोळ चालते. पण पहिल्याच आठवड्यात, औषध पसरत असताना, शाम्पू नको. तेव्हा या तीन माद्यांवरून पट्टा दोषी ठरत नाही. तो निर्दोष आहे हेही या कुत्रीवरून सिद्ध होत नाही, कारण त्याला नीट काम करायला मिळालेच जेमतेम चार दिवस.

घटक बदलला की हे वेळापत्रकही बदलतं, म्हणून डब्यावरचं नाव वाचणं भाग आहे. डेल्टामेथ्रिन ४ टक्के असलेल्या पट्ट्याचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे आठवडा लागतो. तो गोचिडांच्या संपर्कात जाण्याआधी आठवडाभर बांधायचा आणि पहिले पाच दिवस कुत्र्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. गोचिडांविरुद्ध तो पाच-सहा महिने चालतो. अमिट्राझचा पट्टा गोचिडांवर चांगला, पण दोन-तीन महिन्यांपुरता, आणि पिसवांवर त्याचा उपयोग नाही. इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा आठ महिन्यांपर्यंत. नुसता सुवास देणाऱ्या वनस्पती-तेलांच्या पट्ट्यांना आम्ही या रांगेत बसवत नाही.

दुसरी तक्रार: लाल मान

ही पट्ट्याची. मात्र औषधापेक्षा बांधण्याच्या पद्धतीची जास्त. ओलसर केसांवर पट्टा बसला, खाली ओल कोंडली. मग सैल केल्यावर तो मागेपुढे सरकून घासू लागला, आणि दोरी ओढली की चामडी पट्टा त्याला कातडीवर दाबू लागला. दाट लोकर असलेल्या कुत्र्यात हे दोन-तीन दिवसांत होतं.

पट्टा बांधल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडी खाज, लाली, पट्ट्याखालचे केस विरळ होणं हे नोंदलेले परिणाम आहेत आणि बहुतेकदा पट्टा न काढताही ते ओसरतात. इथे कातडी लाल होती, केस गेले होते, पण जखम किंवा पू नव्हता. चिघळलेली जखम, वास, ओलसर चट्टा किंवा लाली पट्ट्याच्या रेषेबाहेर अंगभर पसरलेली दिसली असती तर निर्णय वेगळा: पट्टा कायमचा बंद, मान सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन उपचार, आणि पुढे दुसऱ्या गटातलं औषध.

तिसरी तक्रार: ताप

मलूल पडलेली कुत्री आणि गळ्यात कीटकनाशक, म्हणजे विषबाधा, हा तर्क सहज सुचतो. पण पायरेथ्रॉइडची बाधा दिसते ती लाळ गळणं, थरथर, तोल जाणं, उलटी अशी. ४०.३ ताप, फिकट हिरड्या, पोटावर बारीक लाल ठिपके आणि सुजलेल्या गाठी हे चित्र वेगळं. प्लेटलेट्स ६२,००० निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण पावणेदोन लाखांच्या वर असतात. संशय गेला एर्लिचिया कॅनिस या जिवाणूकडे, म्हणजे ज्याला सगळे 'टिक फिव्हर' म्हणतात त्याच्याकडे.

रॅपिड किटवर चाचणी निगेटिव्ह आली, आणि इथे बरेच जण फसतात. किट शोधतं ती अँटिबॉडी, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागू शकतात. ताप नुकताच आलेला असताना निगेटिव्ह किटवर विसंबायचं नाही. उपचाराची पहिली गोळी देण्याआधी घेतलेल्या रक्ताची पीसीआर चाचणी, जी जिवाणूचा जनुकीय अंशच शोधते, पॉझिटिव्ह आली.

आता तारखा. एर्लिचियाचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ८ ते २० दिवस लागतात. ताप नवव्या दिवशी आला. मागे मोजलं तर संसर्ग देणारा चावा पट्ट्याच्या आधीच्या अकराव्या दिवसापासून पट्ट्यानंतरच्या पहिल्या दिवसापर्यंत कधीतरी झाला. म्हणजे पट्टा बांधला तेव्हा रोग बहुधा रक्तात शिरलेला होता, किंवा पट्ट्याच्या पहिल्या ४८ तासांच्या कोऱ्या मुदतीत शिरला. हाच ताप पस्तिसाव्या दिवशी आला असता तर चावा संरक्षण चालू असतानाचा ठरला असता आणि पट्ट्याच्या बसण्याकडे, आंघोळींकडे बोट गेलं असतं.

चिकटल्यापासून तीन तासांतही गोचीड हा जिवाणू पोहोचवू शकतो असं प्रयोगांत दिसलं आहे. गोचिडातूनच येणाऱ्या बाबेसिया या रक्तातल्या परजीवीला त्यापेक्षा बराच जास्त वेळ, साधारण एक ते दोन दिवस लागतात. त्यामुळे 'रोज संध्याकाळी गोचीड काढतो' हा उपाय बाबेसियासाठी बराच चालतो, एर्लिचियासाठी तेवढा नाही. चावूच न देणारं औषध इथे मोलाचं आहे. तरी कुठलाही पट्टा प्रत्येक गोचिडाला अडवत नाही. आणि या कुत्रीच्या गळ्यातून तो काढला गेला तो नेमका घरात गोचीड भरलेले असताना.

चौथी तक्रार: मांजर

हिचं कारण पट्टा नव्हता, सहाव्या दिवशी घातलेले थेंब होते. मांजरीच्या यकृताला पर्मेथ्रिनचा निचरा नीट करता येत नाही. कुत्र्याला सहज पचणारी मात्रा तिच्या मज्जासंस्थेवर चढते. थेंब कुत्रीच्या पाठीवर ओले असताना मांजर तिला बिलगून झोपली, तिला चाटलं, एवढं पुरलं. कान आणि कातडी फडफडणं, थरथर, पुढे झटके हा त्याचा क्रम. लक्षणं काही तासांत किंवा तीन दिवसांपर्यंतही सुरू होतात.

मांजरीला भांडी घासायच्या द्रवाने कोमट पाण्यात धुतलं, अंग थंड पडू न देता ऊबेत ठेवलं, थरथर थांबवायला मेथोकार्बामॉल दिलं आणि तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. ती वाचली.

फ्लुमेथ्रिनही पायरेथ्रॉइडच, पण या जोडीचा पट्टा मांजरींसाठीही वेगळ्या आकारात मंजूर आहे. पर्मेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनचं तसं नाही. ज्या घरात मांजर आणि कुत्रा एकमेकांना चाटतात तिथे ते टाळलेलंच बरं. 'सगळी एकाच गटातली औषधं, मग फरक काय' असं म्हणून जी सरमिसळ होते तिची किंमत मांजर मोजते.

घर

कुत्रीला पुन्हा तिथेच पाठवायचं होतं, म्हणून घराकडे बघणं भाग होतं. तपकिरी गोचीड आयुष्यातली तिन्ही भोजनं, म्हणजे अळी, पिल्लू आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांमधलं रक्त, कुत्र्यावरच घेतो. प्रत्येक जेवणानंतर खाली उतरतो आणि भेगांमध्ये कात टाकतो. मादी भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, कुत्र्याच्या खोपटाच्या छताला कित्येक हजार अंडी घालते. हवा उबदार असेल तर सगळं चक्र दोन महिन्यांत पूर्ण होतं, आणि उपाशी प्रौढ गोचीड वर्षाहूनही जास्त तग धरू शकतो. हा रानातून येणारा पाहुणा नव्हे, तो घरातच नांदतो.

म्हाताऱ्या कुत्र्याचे कान तपासले. दोन्ही कानांत मिळून ६ गोचीड, त्यातले चार अर्धवट वाढलेले. 'तो बाहेर जात नाही' हे खरं होतं. गोचीडच त्याच्याकडे येत होते. एक कुत्रा पट्ट्यात आणि दुसरा उघडा ठेवला की उघड्यावर गोचीड पोसले जातात आणि त्यांची पैदास पट्टेवाल्यावर चढत राहते.

काय केलं

कुत्रीला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे २४ किलोला २४० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, २८ दिवस. गोळी खाण्यासोबत आणि नंतर पाणी पाजून. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. ताप दोन दिवसांत उतरला. गोळ्या बंद करण्याचा मोह इथेच होतो, आणि २८ दिवस याच कारणाने ठासून सांगावे लागतात.

मानेला दहा दिवस विश्रांती. या काळात अंग उघडं राहू नये म्हणून आयसोऑक्साझोलिन गटातली महिनाभर चालणारी गोळी वजनानुसार दिली. ही गोळी रक्तातून काम करते, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरतो. चावा टाळणं तिच्याकडून होत नाही. पट्टा झाकण घट्ट लागणाऱ्या त्याच्याच डब्यात ठेवला. आठ महिन्यांची मुदत मात्र दिवस ० पासूनच मोजायची, विश्रांतीचे दिवस त्यात वाढवायचे नाहीत.

म्हाताऱ्या कुत्र्याला ही गोळी दिली नाही. त्याला दोन वर्षांपूर्वी एकदा फिट आली होती, आणि या गटातल्या औषधांमुळे काही प्राण्यांत थरथर, झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. त्याला इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचाच पट्टा दिला. झटक्यांच्या तुरळक नोंदी या पट्ट्याबाबतही आहेत, म्हणून पहिला आठवडा त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

विसाव्या दिवशी कुत्रीला पट्टा पुन्हा बांधला, यावेळी नीट. केस कोरडे. अंगावरचे सगळे गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीलगत पकडून, सरळ वर, एकसारख्या ताणाने काढलेले. रॉकेल, तेल किंवा काडीचा चटका देऊन नाही, कारण त्याने गोचीड चिडून लाळ जास्त सोडण्याची भीती असते. मानेवरचे केस बोटांनी विभागून पट्टा कातडीला टेकवला. आत दोन बोटं सहज जातील एवढी ढील. कडीतून बाहेर आलेलं शेपूट सुमारे २ सेंटिमीटर ठेवून बाकीचं कापलं आणि तो तुकडा मुलाच्या हाती लागणार नाही असा लगेच टाकला. दोरीसाठी चामडी पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, म्हणजे मानेवर दाब नाही. त्यानंतर हात साबणाने धुणं.

घरात भेगा, फर्निचरच्या मागच्या बाजू, चौकटी व्हॅक्यूमने साफ करून कचरा बंद पिशवीत लगेच बाहेर. अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात दर आठवड्याला. फटींमध्ये फवारणी कीडनियंत्रण करणाऱ्या माणसाकडून. अंड्यांवर तिचा नीट परिणाम होत नाही म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा. फवारा पुरता वाळेपर्यंत मांजर घराबाहेर. नुसती फरशी पुसून भागत नाही, हे दोनदा सांगावं लागलं. तपकिरी गोचीड वर चढतो.

सुरक्षिततेचा व्यापक प्रश्न

घरच्यांनी पट्ट्याबद्दल जे भीतीदायक वाचलं होतं ते अगदीच निराधार नव्हतं. याच जोडीचा सेरेस्टो हा पट्टा अमेरिकेत २०१२ मध्ये नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये तिथल्या बातम्यांतून पुढे आलं की त्याच्याबद्दल ७५,००० हून जास्त तक्रारी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, जमा झाल्या आहेत आणि त्यात सुमारे १,७०० मृत्यूंचा उल्लेख आहे. तक्रार म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे. आपली ही कुत्री आणि मांजर त्या यादीत गेली असती तर पट्ट्याच्या नावावर दोन नोंदी वाढल्या असत्या. पण हे उत्तर तेवढ्यावर सोडून देण्यासारखंही नाही. ईपीएने तपासणी करून जुलै २०२३ मध्ये नोंदणी चालू ठेवली, मात्र पाच वर्षांपुरती आणि वेष्टनावर वाढीव इशाऱ्यांच्या अटीवर. मृत्यूंपैकी ज्या थोड्यांचा पट्ट्याशी निश्चित किंवा बराच संभाव्य संबंध लागला ते गळफास किंवा पट्ट्याने झालेल्या इजेचे होते, पट्टा अडकल्यावर न सुटल्यामुळे झालेले. म्हणून बांधल्यावर पट्टा कुंपणाच्या तारेत अडकेल का, जबड्यात येईल का, हे बघणं औषधाच्या मात्रेइतकंच महत्त्वाचं आहे. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा, नाहीतर तो मानेत रुततो. सात आठवड्यांखालच्या पिल्लाला हे पट्टे नाहीतच.

दुसरा मोठा धोका पट्टा चघळण्याचा. पायरेथ्रॉइड पट्ट्याचा तुकडा पोटात गेला तर बहुधा लाळ आणि उलटी होते, आतड्यात अडकण्याची भीती राहते. अमिट्राझ पोटात गेला तर प्रकरण गंभीर: गुंगी, मंद नाडी, शरीर थंड पडणं, रक्तातली साखर वाढणं. त्यावर योहिम्बिन किंवा अटिपामेझोल हा उतारा आहे, पण तो दवाखान्यातच. घरी उलटी करवू नये. उरलेला पट्टा सोबत न्यावा, म्हणजे किती तुकडा गेला ते जुळवून बघता येतं. मधुमेही कुत्र्याला अमिट्राझ टाळावं. घरातलं कुणी एमएओ इनहिबिटर गटातली नैराश्याची औषधं घेत असेल तर त्या माणसाने तो पट्टा हाताळू नये. प्रोपॉक्सर आणि टेट्राक्लोरव्हिनफॉस या कीटकनाशकांच्या जुन्या पट्ट्यांना लहान मूल असलेल्या घरात आम्ही जागाच देणार नाही. प्रोपॉक्सरचे पट्टे तर मुलांच्या संपर्काच्या काळजीपोटीच अमेरिकेत मागे घ्यायला लावले गेले.

या घरात मूल दोन वर्षांचं. कुत्रीने त्याच्या बिछान्यात झोपायचं नाही, आणि मुलाने पट्टा हाताळायचा किंवा तोंडात घालायचा नाही, एवढे दोन नियम ठरले. दुसरा पाळायला कठीण, म्हणून पहिले काही दिवस दोघांना एकत्र एकटं सोडलं नाही.

पुढे

सतराव्या दिवशी प्लेटलेट्स १,४५,०००. अडतिसाव्या दिवशी २,४०,०००. अँटिबॉडीचं किट दुसऱ्या महिन्यात पॉझिटिव्ह आलं आणि घरचे पुन्हा घाबरले. ते अपेक्षितच होतं: अँटिबॉडी बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने राहते, त्यावरून उपचार फसला असं धरायचं नाही, प्लेटलेट्स आणि लक्षणं बघायची.

गोचिडांची मोजणी आठवड्यातून एकदा, एकाच क्रमाने: कानांच्या आत, पापण्या, पट्ट्याखाली, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. नोंद तीन रकान्यांत: मेलेले, चपटे जिवंत, फुगलेले जिवंत. चौथ्या आठवड्यात कुत्रीवर ४, चारही मेलेले. आठव्या आठवड्यात एकही नाही. अकराव्यात म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानात दोन चपटी पिल्लं, जिवंत. भेगांतून राहिलेल्या अंड्यांची ही खेप असणार हे दोन महिन्यांच्या चक्राशी जुळलं, म्हणून पट्टा न बदलता त्या कोपऱ्यात तेवढी तिसरी फवारणी केली. फुगलेल्या जिवंत गोचिडांचा रकाना विसाव्या दिवसापासून रिकामा होता. पट्टा चालतो की नाही, याचं उत्तर त्या रकान्यात शोधायचं. तो लागोपाठ दोन आठवडे भरला तर मुदत, ढील आणि आंघोळी तपासून मगच औषध बदलायचं.

कुत्री वर्षातून दोनदा लोकर झाडते. लोकर गेली की तोच पट्टा बोटभर सैल होतो, हे तिच्या कार्डावर लिहून ठेवलं आहे. सोबत दिवस ० ची तारीख, बॅच क्रमांक आणि आठ महिन्यांनंतरची बदलायची तारीख. जुना पट्टा काढल्यावर कागदात गुंडाळून बंद कचऱ्यात टाकायचा, ओढ्यात किंवा तळ्याकाठी नाही. त्यात उरलेलं फ्लुमेथ्रिन माशांसाठी घातक असतं.